पिंजरा घ्या पक्ष्याच्या मापाचा

घरात पक्षी आणायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी दुकानात जाऊन रंग पसंत केला जातो, निळा की पिवळा यावरून मुलांची हुज्जत होते, आणि मग दुकानदार जो पिंजरा पुढे करील तो घेऊन मंडळी घरी येतात. पिंजऱ्याची निवड किंमत, दिसणं आणि गॅलरीतला रिकामा कोपरा एवढ्यावर उरकते. बजरीगर नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षं जगतो. ती सगळी वर्षं या घाईने उरकलेल्या खरेदीत बंद होतात.

म्हणून आधी पिंजरा, मग पक्षी. पिंजरा कसा हवा हे ठरवायला पक्ष्याचं शरीर पुरेसं आहे. त्याचे पंख, डोकं, चोच, पाय आणि फुप्फुसं यांच्याकडे एकेक करून पाहिलं, तर लांबी किती, तारा कशा, धातू कोणता, दांडी केवढी आणि पिंजरा टांगायचा कुठे, या सगळ्याची उत्तरं तिथेच मिळतात.

आधी पक्षी कोणता ते पाहा

आपल्या झाडांवर दिसणारा हिरवा कंठीचा पोपट किंवा त्याहून मोठा पहाडी पोपट हे भारतातले रानपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणं, विकणं आणि घरात पाळणं गुन्हा आहे. आजोबांच्या वेळी वाड्यात पोपट होता, हे कारण आज चालत नाही. या पक्ष्यांसाठी योग्य पिंजरा नसतोच.

घरी पाळायला दुकानात जो छोटा पोपट मिळतो तो बहुधा बजरीगर. आपल्याकडे तो सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, सडपातळ आणि लांब शेपटीचा. जॉर्ज शॉ यांनी १८०५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि १८४० मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. पुढे जगभर त्याची पैदास सुरू झाली. रानातला बजरीगर हिरवा-पिवळाच असतो. निळे, पांढरे, करडे हे रंग पैदास करणाऱ्यांनी जपलेले आहेत.

रंग बदलला तरी शरीर तेच राहिलं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात हा पक्षी थव्याने राहतो, गवताचं बी खातो आणि पाऊस-पाण्याच्या मागे लांबलांब उडत जातो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १८ सेंटीमीटर, वजन ३० ते ४० ग्रॅम. हे एवढंसं शरीर लांब उडण्यासाठी आणि सोबतीने जगण्यासाठी घडलेलं आहे. म्हणूनच शक्यतो एकटा पक्षी आणू नये आणि पिंजरा दोघांच्या हिशेबाने घ्यावा.

पंख : लांबी आधी, उंची नंतर

बजरीगर आडवा उडतो. एका फांदीवरून दुसरीकडे जाताना तो सरळ रेषेत झेपावतो. जागच्या जागी वर चढत जाणं त्याच्या उडण्यात बसत नाही. दुकानात डोळ्यांत भरणारे उंच, मनोऱ्यासारखे पिंजरे म्हणूनच फसवे ठरतात. चार फूट उंच आणि एक फूट लांब पिंजऱ्यात पक्षी वरच्या भागात बसून राहतो आणि खालची जागा वाया जाते. तेवढ्याच पैशांत बुटका पण लांब पिंजरा घेतला तर त्याला दोन दांड्यांमध्ये पंख मारत जाता येतं.

पसरलेल्या पंखांचं माप टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ एक फूट भरतं. पंख फडफडवताना ते तारांवर आपटू नयेत, तर पिंजऱ्याची रुंदी दीड फूट तरी हवी. एका पक्ष्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची १८ इंच हे माप पक्षी पाळणारे अगदी किमान मानतात. जोडीसाठी ३० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच पिंजऱ्यापासून सुरुवात करावी. याहून मोठा परवडला तर जास्तीची जागा लांबीत घ्यावी.

दुकानात मोजपट्टी घेऊन जा आणि माप आतून घ्या. सांगितलेल्या उंचीत बरेचदा खालचा ट्रे, पाय आणि वरची कडीसुद्धा धरलेली असते. आतून मोजल्यावर दोन फुटांचा पिंजरा पावणेदोन फुटांवर येतो.

गोल पिंजरा घेऊ नये. त्यात उडायला सरळ रेषा मिळत नाही आणि घाबरलेल्या पक्ष्याला पाठ टेकवायला कोपराही नसतो. घुमटाकार छपरात तारा वर जात जात एकमेकींजवळ येतात. त्या निमुळत्या फटीत बोट किंवा पायातली कडी अडकली की पक्षी उलटा लोंबकळतो आणि सुटायच्या धडपडीत पाय मोडून घेतो. दिसायला देखणा असलेला हा आकार राहायला सर्वांत गैरसोयीचा आहे.

जागेचा प्रश्न कायद्यातही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं ११ वं कलम सांगतं की, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे. वीतभर पिंजऱ्यात सहा-सहा पक्षी कोंबलेले दिसतात तेव्हा हे कलम आठवावं, आणि घरच्या पिंजऱ्यालाही ते लागू आहे हे विसरू नये.

डोकं : दोन तारांमधलं अंतर

बजरीगरचं डोकं लहान आणि कुतूहल मोठं. जिथे डोकं शिरेल तिथे तो ते घालून पाहतो. आत गेलेलं डोकं बाहेर काढताना गालाची पिसं आणि जबडा आडवा येतो, आणि घाबरून झटके दिले की मान अडकते. म्हणून दोन तारांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२-१३ मिलिमीटर, यापेक्षा जास्त नको. मोठ्या पोपटांसाठी केलेला प्रशस्त पिंजरा स्वस्तात मिळाला तरी याच कारणाने तो बजरीगरसाठी बाद होतो.

हे तपासायला सोपी युक्ती आहे. दोन साध्या पेन्सिली शेजारी-शेजारी धरून तारांमध्ये घाला. दोन्ही एकदम सहज आरपार गेल्या तर अंतर जास्त आहे. ही तपासणी समोरच्या बाजूपुरती करून थांबू नका. दाराच्या कडेला, वाटीच्या खाचेजवळ, ट्रेच्या वरच्या जाळीत आणि कोपऱ्यांच्या जोडावर पेन्सिली फिरवा. चांगल्या पिंजऱ्यातसुद्धा धोक्याची फट अशाच जोडाच्या जागी सापडते.

तारांची दिशाही पाहावी. बजरीगर चढतो तेव्हा चोच त्याच्या तिसऱ्या पायाचं काम करते. चोचीने आडवी तार धरायची, एक पाय वर, मग दुसरा. आडव्या तारा असल्या तर तो भराभर चढतो, नुसत्या उभ्या असल्या तर पाय घसरत खाली येतात. निदान दोन बाजूंना आडव्या तारा असलेला पिंजरा निवडावा.

चोच : धातू आणि रंग

पोपटाची चोच आयुष्यभर वाढत राहते आणि तो ती सतत वापरून झिजवतो. पिंजऱ्यात वापरायला समोर तारच असते, म्हणून तार कशाची आहे हा थेट तब्येतीचा प्रश्न होतो. जस्त आणि शिसं हे दोन धातू पोपटांना विषारी आहेत. घरी पिंजरा बांधताना हार्डवेअरच्या दुकानातून जी जाळी आणतात ती बहुधा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली असते. नव्या जाळीच्या जोडांवर जस्ताचे बारीक थेंब गोठलेले असतात, पक्षी ते कुरतडून गिळतो. दमट हवेत त्याच जाळीवर पांढरी भुकटी धरते, तीही चोचीवाटे पोटात जाते. सुस्ती, उलटी, पातळ हिरवट शीट, तोल जाणं ही विषबाधेची लक्षणं असू शकतात. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

स्टेनलेस स्टीलचा पिंजरा सर्वांत सुरक्षित, पण महाग. त्याखालोखाल चांगलं पावडर कोटिंग केलेला लोखंडी पिंजरा चालतो. घेताना तारेवरून नख फिरवून पाहा. रंगाचे पापुद्रे निघाले, जोडावर टोचणारी टोकं लागली किंवा आत गंजाचा ठिपका दिसला तर तो पिंजरा तिथेच ठेवा. गॅल्व्हनाइज्ड जाळीशिवाय गत्यंतर नसेल तर ती व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासावी, स्वच्छ धुऊन वाळवावी आणि पुन्हा पांढरं धरू लागलं की परत घासावी. यामुळे धोका कमी होतो, संपत नाही.

माळ्यावरचा जुना पिंजरा काढून त्यात पक्षी ठेवण्याचा मोह होतो. जुन्या रंगात आणि डाग दिलेल्या जोडांत शिसं असू शकतं, पितळेत तर तांब्याबरोबर जस्त असतंच. असा पिंजरा दिवाणखान्यात शोभेला ठेवावा, त्यात पक्षी ठेवू नये.

चोचीला कुरतडायला हक्काच्या वस्तू दिल्या की तारेवरचा मारा कमी होतो. समुद्रफेसाचा तुकडा, मऊ लाकडाचे ठोकळे, नारळाच्या करवंटीचा साफ केलेला तुकडा एवढंही पुरतं. विसविशीत झालेले दोरे आणि नायलॉनचे धागे मात्र लगेच काढून टाकावेत. ते बोटांना आवळून बसतात आणि रक्तपुरवठा थांबवतात.

पाय : दांडी एकसारखी नको

पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे वळलेली असतात. फांदी घट्ट धरायला ही रचना उत्तम. रानात प्रत्येक फांदी वेगळ्या जाडीची, वेगळ्या चढाची, त्यामुळे तळव्यावरचा भार सतत जागा बदलतो. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या मात्र सगळ्या सारख्याच. पक्षी झोपतोही पायांवरच उभा राहून, त्यामुळे त्याच त्या जागी रात्रंदिवस दाब पडतो. आधी तळवा लाल, चकचकीत होतो, मग तिथे घट्टे आणि फोड येतात, आणि जंतुसंसर्ग झाला की पक्षी पाय टेकेनासा होतो.

यावर उपाय झाडावरच आहे. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, औषध न फवारलेल्या, सालीसकट फांद्या आणाव्यात. बोटाएवढ्या जाडीच्या आसपास, काही थोड्या बारीक, काही थोड्या जाड. घासून धुवाव्यात, कडक उन्हात वाळवाव्यात आणि दोन टोकांना खाच करून तारेत बसवाव्यात. बोटांनी फांदीला बराचसा वेढा पडावा, पण पुढची-मागची नखं एकमेकांना भिडू नयेत, ही योग्य जाडी. साल कुरतडली जाते तेही चांगलंच. कण्हेरीची फांदी चुकूनही आणू नये, ती विषारी आहे. नखं झिजावीत म्हणून विकली जाणारी वाळूच्या कागदाची वेष्टनंही नकोत. त्यांनी नखांआधी तळवे सोलवटतात.

दांड्या लावताना मधली उडायची वाट मोकळी ठेवा. दोन टोकांना दोन मुख्य दांड्या आणि कुठेतरी एक झोका इतकं पुरे. एका दांडीच्या थेट खाली दुसरी दांडी किंवा खाण्यापिण्याची वाटी आली की वरची शीट तिच्यात पडते.

दारं आणि वाट्या

स्वस्त पिंजऱ्यांची दारं वर सरकवायची असतात. बजरीगर ती चोचीने उचलायला लवकर शिकतो. एक तर तो बाहेर सटकतो, नाहीतर दार मानेवर पडतं. बाजूला उघडणारं, कडी असलेलं मोठं दार सर्वांत बरं. सरकतं दार असेल तर प्रत्येक दाराला स्प्रिंगची क्लिप लावावी, वाट्यांच्या छोट्या दारांनासुद्धा. मुख्य दारातून तुमचा हात पक्ष्याला न घाबरवता आत जायला हवा, कारण दांड्या धुणं, वाट्या बदलणं, आजारी पक्षी बाहेर घेणं हे सगळं तिथूनच करायचं आहे.

खालचा ट्रे बाहेर सरकणारा हवा. त्यात रोज साधा वर्तमानपत्राचा कागद घातला की दोन कामं होतात. स्वच्छता राहते, आणि शीट कशी पडते आहे हे रोज दिसतं. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, पण शीट लपवू शकत नाही. कोरड्या शिटेची धूळ माणसालाही त्रासदायक. पोपटांकडून माणसाला होणाऱ्या सिटॅकोसिस या आजाराची १९२९-३० मध्ये अनेक देशांत साथ पसरली होती. त्यामुळे झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा कागद ओला करून गुंडाळावा. आठवड्यातून एकदा पिंजरा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावा. उग्र फिनेल पक्ष्याच्या आसपासही नको.

पिंजऱ्याबरोबर दुकानदार हमखास एक मडकं देतो. ते झोपायची जागा नसून घरट्याची जागा आहे. मडकं दिसलं की मादी अंड्यावर येते, आणि पुरेसं पोषण नसताना पुन:पुन्हा अंडी घालून तिचं शरीर खंगतं. अंडं अडकून मादी दगावणं हा यातला खरा धोका. पिल्लांची जबाबदारी घ्यायची नसेल तर मडकं लावूच नये. चोचीच्या वरचा भाग निळा असलेले दोन नर एकत्र ठेवले तर हा प्रश्नच राहत नाही, आणि ते गुण्यागोविंदाने राहतात.

फुप्फुसं : पिंजऱ्याची जागा

उत्तम पिंजरा चुकीच्या जागी टांगला तर सगळं व्यर्थ आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेले वायुकोश असतात आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहते, त्यामुळे श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही ताजी हवा रक्ताला मिळत राहते. उडण्याची ताकद यातूनच येते. हवेत विष असलं तर तेही याच वेगाने रक्तात जातं. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश कोळसाखाणींत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

आपल्या घरात खाणीतला वायू नसतो, पण नॉनस्टिक तवा असतो. गॅसवर विसरलेला रिकामा नॉनस्टिक तवा खूप तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला त्या वेळी फारसं काही जाणवतही नाही. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी ठेवू नये. उदबत्ती, धूप, डास पळवणाऱ्या कॉइल, अत्तराचे आणि झुरळांचे स्प्रे, सिगारेट या सगळ्यांपासून तो लांब हवा. देवघर आणि पिंजरा एका खोलीत नको. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत न्यावा आणि खिडक्या बंद ठेवाव्यात.

घरातली चांगली जागा म्हणजे माणसांच्या वावराची बैठकीची खोली, एक बाजू भिंतीला लागलेली, दांड्या साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. एक भिंत पाठीशी असली की पक्ष्याला चारी बाजूंनी सावध राहावं लागत नाही. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट अंगावर येऊ नये. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ मिळावं; खिडकीची काच उन्हातले ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण अडवते, म्हणून ते काचेमागचं नसावं. मात्र अर्धा पिंजरा सावलीत हवाच. बजरीगर कोरड्या, उष्ण मुलखातला असला तरी तिथे तो दुपारी सावली गाठतो. पिंजऱ्यात त्याला सावली शोधत जाता येत नाही. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात तो चोच उघडून धापा टाकतोय, पंख अंगापासून दूर धरतोय असं दिसलं तर त्याला लगेच गार जागी हलवा.

गॅलरीत पिंजरा कायमचा ठेवणं टाळावं. तिथे मांजर, उंदीर, कावळे आणि शहरातही फिरणारा शिक्रा असतो. ग्रिलवर बसणाऱ्या कबुतरांची शीट पिंजऱ्यात पडली तर आजार येतात. पावसाळ्यात तर ओलीने दाण्यांना बुरशी धरते आणि तारा गंजू लागतात. रात्री मात्र पिंजरा जिथे असेल तिथे दहा-बारा तास शांतता आणि अंधार हवा. टीव्ही उशिरापर्यंत चालत असेल तर वरून सुती कापड टाकावं, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवून.

निवड बरोबर आहे का?

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम सोपा आहे. पहिला खर्च लांबीवर, दुसरा चांगल्या तारेवर आणि दारावर. दांड्या झाडावरून मिळतात, खेळणी घरात होतात, झालरी आणि रंगीत छपरं यांची पक्ष्याला गरज नाही. रोज बंद खोलीत, पंखा थांबवून आणि खिडक्या लावून तासभर मोकळं उडू देणार असाल तर फारच छान, पण त्या भरवशावर पिंजरा लहान घेऊ नका. पाहुणे, आजारपण, परीक्षा अशा दिवसांत तो तास पहिल्यांदा बुडतो.

पिंजरा बसवून झाला की पहिले काही दिवस पक्ष्यांना स्थिरस्थावर होऊ द्या, आणि नंतर नुसतं पाहा. दोघंही दोन्ही टोकांच्या दांड्या वापरतात का, मधल्या जागेत पंख मारतात का, दुपारी एक पाय पोटाशी घेऊन डुलकी काढतात का, सकाळी किलबिलाट करतात का? हे होत असेल तर माप जमलं. एखादा सतत एकाच कोपऱ्यात बसून राहिला, एकाच जागी डोकं हलवत राहिला किंवा पिसं उपटू लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवा आणि मग पिंजऱ्याची जागा, दांड्या, लांबी पुन्हा तपासा. घेतलेला पिंजरा अपुरा ठरला तर तो बदलावा; त्यात गेलेल्या पैशांसाठी पक्ष्याला पुढची वर्षं त्यात अडकवून ठेवू नये.